टाकी अर्धी झाली की इंजिन लीन होतं आणि विझतं: सुईला हात लावण्याआधी हे तपासा

सकाळी रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाडीचं (मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावरची मॉडेल कार) इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, दोन-तीन फेऱ्यांत कार्बच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या, इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया बसवल्या. सरळ पट्ट्यावर गाडी मागे निळसर धुराची रेघ सोडत जातेय, तापमान १०५ अंश, आयडल घट्ट बसलेलं. चार-पाच मिनिटं सगळं मनासारखं. मग टाकी अर्ध्याच्या खाली गेली की आवाज बदलतो. वळणाआधी थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली येत नाही, दोन-तीन सेकंद तसंच किंचाळत राहतं. धूर विरळ होतो, आणि पुढच्या वळणावर गाडी गप्प. उचलून आणायची, टाकी भरायची, सुरू करायची, की पुन्हा चार-पाच मिनिटं सगळं छान.

हा त्रास मी सलग दोन महिने काढला. माझी गाडी १/८ बग्गी, इंजिन ३.५ सीसीचं. जगभर या वर्गाच्या शर्यतींत इंजिनाला हीच मर्यादा असते आणि टाकी १२५ मिलीची. इंजिन मॉडिफाइड आहे: स्लीव्हचे (पिस्टन जिच्यात वरखाली होतो त्या नळीचे) पोर्ट वाढवलेले, क्रँकच्या आतली पोकळी सिलिकॉनने भरून हवेची वाट गुळगुळीत केलेली, कार्बचा रेस्ट्रिक्टर (हवेचं तोंड अरुंद ठेवणारी कडी) ७ मिमीवरून ८ मिमीवर नेलेला.

लीन होतंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, म्हणून मी टॉप एंडची (पूर्ण थ्रॉटलच्या इंधनाची) सुई पाव फेरा उघडली. मग पहिली अर्धी टाकी इतकी रिच (इंधन जास्त) गेली की वळणातून गाडी उचलेना आणि ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा) ओला होऊन विझायला लागला. ते झाकायला लो एंडची (कमी थ्रॉटलच्या इंधनाची) सुई बंद केली, तर थंड इंजिन आयडलवर टिकेना. म्हणून आयडलचा स्क्रू वाढवला, तर क्लच घासायला लागला. चार ग्लो प्लग गेले, आणि प्रत्येक रविवारी मी आदल्या रविवारपेक्षा मूळ सेटिंगपासून जास्त लांब गेलेलो असायचो.

सुटका झाली ती भोसरीच्या एका काकांमुळे. त्यांचं अर्धं आयुष्य आरएक्स १०० चे पोर्ट घासण्यात गेलंय. नायट्रोचं इंजिन त्यांनी त्याआधी हातात घेतलं नव्हतं, पण टू-स्ट्रोक तो टू-स्ट्रोकच. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अरे, जेटला काय हात लावत बसलायस? सकाळी बरोबर होतं ना? मग जेट बरोबरच आहे. हवा कुठून घेतंय ते बघ आधी."

त्यांच्या भाषेतला जेट म्हणजे आपली सुई. सगळी गोष्ट इथेच आहे. सुई आपणहून फिरत नाही. (क्वचित फिरते, जेव्हा सुईवरची ओ-रिंग झिजलेली असते. सुईच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपेंटचा एक ठिपका द्या. दोन टाक्यांनंतर ठिपके समोरासमोर नसतील तर ओ-रिंग बदला.) एकाच टाकीत सेटिंग बदलत असेल, तर बदलतंय ते दुसरंच काहीतरी: आत येणारी हवा, इंधनामागचा दाब, किंवा उष्णता. सुईने ते फक्त झाकलं जातं.

मॉडिफाइड इंजिनला हे जास्त का छळतं

कार्बचं तोंड मोठं केलं की जास्त हवा जाते, ताकद वाढते, पण हवेचा वेग कमी होतो. वेग कमी म्हणजे इंधन ओढण्याची ताकद कमी. मग इंधन कार्बपर्यंत पोचवण्याचं बरंचसं काम एग्झॉस्टच्या पाइपातून प्रेशरच्या नळीने टाकीत येणाऱ्या दाबावर येऊन पडतं. टाकीच्या झाकणातली बारीकशी गळती स्टॉक इंजिन पचवून नेतं. रेस्ट्रिक्टर मोठा केलेलं इंजिन त्याच गळतीला विझतं. टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी वर असते, त्यामुळे दाब थोडा कमी असला तरी भागतं. पातळी उतरली की उघडं पडतं. म्हणूनच तो 'अर्ध्या टाकीचा' आजार.

दुसरं म्हणजे आपल्या इंजिनात इंधन नुसतं जळत नाही. तेल त्यातच मिसळलेलं असतं, म्हणजे लीन झालं की वंगणही कमी. शिवाय इंधनाचं प्रमाणही मोठं. पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, मेथॅनॉलला ६.४ पट आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ पट. एवढं ओलं मिश्रण जेव्हा विरळ होतं, तेव्हा पिस्टन गरमही होतो आणि कोरडाही पडतो. मॉडिफाइड इंजिन जास्त आरपीएमवर फिरत असल्याने नुकसान लवकर होतं. तेव्हा आवाज किंचाळायला लागला की 'ही फेरी पूर्ण करू' म्हणून ओढू नका. थ्रॉटल सोडा, गाडी आत घ्या.

आधी खूण ओळखा

गाडी विझली की लगेच तापमान बघा आणि ते लिहून ठेवा. इन्फ्रारेड गन वरून थेट ग्लो प्लगवर धरायची, बाजूच्या पंखांवर नाही. मग प्लग काढून भिंगाखाली तार बघा. तार राखाडी, चकचकीत आणि वेटोळी जागच्या जागी असतील तर मिश्रण ठीक होतं. पांढरट, खरखरीत किंवा वाकडी असेल तर लीन. काळपट आणि ओली असेल तर तुम्ही रिचला विझताय, आणि हा लेख तुमच्या आजाराचा नाही.

आता टाकी भरून पुन्हा सुरू करा. भरल्या टाकीला ठीक आणि अर्ध्या टाकीला लीन, हे प्रत्येक वेळी घड्याळ लावल्यासारखं होत असेल तर संशय टाकी, नळ्या आणि पाइपावर. टाकी किती भरलीय याच्याशी संबंध नसून इंजिन जसं तापत जातं तसं आयडल वर चढत असेल, तर इंजिनच्या अंगातच कुठेतरी हवा शिरतेय. आणि आवाज न चढता, उलट मंद होत, गरम इंजिन आयडलवर गपकन मरत असेल, तर पिस्टन-स्लीव्ह किंवा क्लच. क्लचचं लगेच कळतं: गाडी उचलून धरा, आयडलला चाकं थांबली पाहिजेत. फिरत राहिली तर क्लचचे शूज घासतायत, नाहीतर क्लचच्या बेलच्या (शूजभोवतीच्या वाटीच्या) बेअरिंगने जीव सोडलाय. बेअरिंग स्वस्त असतात, जोडीने बदला.

टाकी, नळ्या, पाइप

इथून सुरुवात करा, कारण इथे खर्च नाही आणि बहुतेकांचा दोष इथेच सापडतो.

टाकी गाडीतून काढा, आत इंधन असेल तर ओतून घ्या. कार्बकडे जाणारी नळी बोटाने दाबून बंद करा, प्रेशरच्या नळीला ५० मिलीची सिरिंज लावा आणि टाकी पाण्यात बुडवून हळू दाब द्या. तोंडाने फुंकू नका. मेथॅनॉल विषारी आहे, ते त्वचेतूनही शरीरात जातं, नळीत उरलेला थेंबसुद्धा तोंडात नको. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर ओ-रिंग गेली किंवा झाकणाची स्प्रिंग सैल पडली. माझ्या टाकीचं झाकण व्यवस्थित निघालं. बुडबुडे मात्र येत होते, आणि ते कुठून येतायत हे कळायला मला बराच वेळ लागला.

प्रेशरची नळी टाकीच्या निपलवर जिथे चढते, बरोबर त्या कडेला, नळीच्या खालच्या बाजूला एक चीर होती. नळी सरळ असताना ती दिसतच नव्हती. बोटाने वाकवली की ओठ उघडावेत तशी उघडायची, सोडली की मिटायची. चार मिमीसुद्धा लांब नसेल. गाडीत बसवल्यावर नळीला नेमका तिथेच बाक येत होता. टोकाचा सेंटीमीटरभर तुकडा कापून टाकला, नळी पुन्हा चढवली, आणि पाण्यात एकही बुडबुडा नाही.

तेव्हापासून सगळ्या नळ्या वाकवूनच तपासतो. इंधनाचा फिल्टर असेल तर त्याच्या दोन तुकड्यांमधली ओ-रिंगही बघा, तिथून हवा घेतली की कार्बकडच्या नळीत बारीक बुडबुडे पळताना दिसतात. बुडबुडे दिसले पण गळती सापडली नाही, तर टाकी चॅसीला कुठे टेकतेय का ते पाहा. टाकीचे रबरी पाय दबून कडक झाले की इंजिनची थरथर सरळ टाकीत जाते आणि इंधनाला फेस येतो.

पाइपाची तपासणी नुसत्या डोळ्यांनी होते. मॅनिफोल्ड (इंजिन आणि पाइप जोडणारा तुकडा) इंजिनला जिथे बसतो आणि पाइप मॅनिफोल्डला जिथे जुळतो, तिथे काळ्या तेलाचे शिंतोडे उडालेले असतील तर गॅस्केट गेली. एग्झॉस्टचा दाब तिथूनच निसटत असेल तर टाकीपर्यंत पोचणार काय? स्प्रिंगा ताणून सैल झाल्या असतील तर त्याही बदला.

इंजिनच्या अंगातली गळती

नळी दुरुस्त केल्यावर माझा त्रास निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही. आयडल अजूनही तापल्यावर चढत होतं. मग इंजिन काढून टबात घातलं.

बाहेरून इंजिन स्वच्छ धुवा. ग्लो प्लग घट्ट, कार्बच्या तोंडात रबरी बूच, इंधनाची निपल बंद. एग्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्याला बारीक भोक पाडून त्यात नळी, आणि नळीला सिरिंज. फ्लायव्हील फिरवून पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहतात आणि एग्झॉस्टमधून दिलेली हवा क्रँककेसमध्ये पोचते. आता बुडवा आणि हळू दाब द्या. पुढच्या बेअरिंगमधून अधूनमधून एखादा बुडबुडा आला तर घाबरू नका, तिथे पूर्ण बंदोबस्त नसतोच. धार लागली तर बेअरिंग गेलं.

पिस्टन खाली असताना क्रँकची खिडकी बंद असते, त्यामुळे कार्बची मान (इंजिनच्या केसमध्ये बसणारा भाग) या चाचणीत नीट तपासली जात नाही. ती वेगळी बघायची: बूच काढा, नळी कार्बच्या तोंडात घट्ट बसवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मानेभोवती लक्ष ठेवा.

माझ्या इंजिनात कार्बची मान कोरडी निघाली. बॅकप्लेटच्या (क्रँककेसच्या मागच्या झाकणाच्या) खालच्या डाव्या स्क्रूजवळ मात्र मोहरीएवढा एक बुडबुडा आला. थांबला, फुगला, सुटला. मग त्याच जागी दुसरा. दाब कायम ठेवला तर चार-पाच सेकंदांनी एक, इतकंच. बॅकप्लेट उघडली तर ओ-रिंगवर नखाने खरवडावं तसा एक ओरखडा. मागच्या वेळी साफसफाई करून मी ती कोरडीच बसवली होती, आणि बसवताना ती कडेला चिमटली गेली होती. ओ-रिंगला आधी तेल लावायचं, बॅकप्लेट हाताने पूर्ण आत दाबायची आणि स्क्रू कर्णाकर्णाने थोडेथोडे आवळायचे, हे मला माहीत होतं. घाईत केलं नव्हतं.

कार्ब बसवतानाही अशीच चूक होते. पिंच बोल्ट आवळताना कार्ब अंगठ्याने खाली दाबून धरलाच पाहिजे, नाहीतर ओ-रिंगवर दाब येत नाही. केस जुनी असेल तर मानेवर उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. पातळच. जास्तीचं सिलिकॉन आत गेलं तर क्रँकच्या खिडकीतून सरळ पिस्टनखाली पोचेल.

चाचणी पाण्यात केली असेल तर इंजिन लगेच वाळवा आणि आफ्टर-रन तेल (इंजिन ठेवून देताना घालायचं, गंज रोखणारं तेल) घालून फ्लायव्हील फिरवा, नाहीतर दोन दिवसांत बेअरिंगला गंज.

गळती कुठेच नसेल तर

मग पिंच बघा. आपल्या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळी, क्रोम चढवलेली स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते आणि थंड असताना पिस्टन तिथे अडकतो. इंजिन तापलं की स्लीव्ह फुगून सरळ होते आणि दोघांचं जमतं. वापराने ती अडकण झिजते. फ्लायव्हील हाताने फिरवा: थंड असताना वरच्या टोकाला जोर लागला पाहिजे, आणि चालू करून गरम झाल्यावरही दाब जाणवला पाहिजे. गरम झाल्यावर फ्लायव्हील लोण्यातून फिरावं तसं फिरत असेल, तर सुयांशी कितीही खेळलात तरी हे इंजिन आयडलवर मरणारच. स्लीव्ह वरून पुन्हा आवळून देणारे काही कारागीर आहेत, पण क्रोम उडालेलं असेल तर नवा पिस्टन-स्लीव्ह घेणं बरं. आणि नव्या सेटला हीट गनने ९० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय स्टार्टर बॉक्सवर (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या पेटीवर) ठेवू नका. थंड फिरवलेल्या पिंचचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं.

मॉडिफाइड इंजिनात आणखी एक गोष्ट तपासायची ती हेड बटन, म्हणजे स्लीव्हवरचं आतलं झाकण. ताकदीसाठी त्याखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं. मिश्रण ठीक, गळती नाही, तरी प्लगच्या तारा दर एक-दोन टाक्यांना तुटतात, आणि बटनाच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. याचा अर्थ मिश्रण वेळेआधी फुटतंय. ०.१ मिमीची एक शिम परत घाला. नायट्रोचं प्रमाण वाढवलं असेल तर हे आणखी गरजेचं. युरोपात २०२१ पासून सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन विकता येत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या सेटअपमध्ये शिम आणि सुया त्या इंधनाच्या हिशेबाने लावलेल्या असू शकतात. २५ टक्क्यांच्या कॅनवर ते आकडे जसेच्या तसे वापरले तर इंजिन लीन जाईल आणि प्लगही खाईल.

अर्धा रिकामा कॅन पावसाळाभर पडून राहिला असेल तर त्यावर सुया बसवू नका. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अशा कॅनवर सेटिंग टिकतच नाही आणि माणूस इंजिन खोलत बसतो.

दुरुस्तीनंतर सुया नव्याने बसवा

गळती बंद झाली की जुनं सेटिंग विसरा. ते गळक्या इंजिनचं होतं. तिन्ही स्क्रू कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणा, थ्रॉटल बंद असताना कार्बची फट सुमारे ०.७ मिमी ठेवा, आणि नवा प्लग लावा.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी टॉप एंड. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की लीन, उलट फिरवलं की रिच, आणि एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फेर. प्रत्येक बदलानंतर निदान दोन फेऱ्या मारून मगच ठरवा. गाडी सरळ पट्ट्यावर स्वच्छ ओढतेय आणि धूर दिसतोय, इथे थांबा. अजून थोडा वेग मिळेल असं वाटतं, पण तो थोडा वेग पिस्टनच्या आयुष्यातून येतो.

मग लो एंड. गरम इंजिन आयडलवर असताना कार्बजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबा. आवाज किंचित चढून दोन-चार सेकंदांनी विझलं तर बरोबर. दाबताक्षणी मेलं तर लीन. खूप चढून बराच वेळ चालत राहिलं तर रिच. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

तापमान १०० ते १२० अंशांच्या आसपास येईल, पण आकड्याचा पाठलाग करू नका. डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी तेच मिश्रण वेगळा आकडा दाखवतं. मुंबईत किनाऱ्यावर बसवलेली गाडी पुण्यात ५६० मीटरवर आणली की हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे टॉप एंड थोडी आत घ्यावी लागते. परत घाट उतरलात तर आठवणीने ती बाहेर काढा. उतरताना विसरलं तर इंजिन लीन जाणार.

टाकी भरताना, विशेषतः इंजिन गरम असताना, सांडलेलं इंधन पुसल्याशिवाय ग्लो इग्नाइटर (ग्लो प्लगला वीज देणारा) लावू नका. मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. जवळ ओला कपडा आणि अग्निशामक ठेवा.

नळी आणि बॅकप्लेट झाल्यावर गेल्या रविवारी मी सलग तीन टाक्या चालवल्या. भरल्या टाकीला १०८ अंश, अर्ध्या टाकीला ११०. थ्रॉटल सोडला की आवाज लगेच खाली. चौथ्या टाकीला गाडी मुद्दाम शेवटपर्यंत पळू दिली. अगदी तळाशी, शेवटचे काही मिली उरले असताना, आवाज चढला आणि इंजिन विझलं. टाकी संपताना नळीत हवा जाते, तेव्हा असं होणारच. त्यासाठी सुई उघडू नका. आपली टाकी किती मिनिटं पुरते ते एकदा मोजा आणि गाडी त्याच्या मिनिटभर आधी आत बोलवा. माझी साडेआठ मिनिटं जाते, मी साडेसातला बोलवतो.